सात वर्षांचा धर्मसंघ आणि त्याचा संस्थापक : फ्रान्स्वा लिबरमान

कॅथॉलिक चर्चमधील स्पिरिटन धर्मसंघ, म्हणजेच पवित्र आत्म्याचा संघ, आपला जन्म १७०३ सालचा सांगतो. क्लोद पूलार दे प्लास नावाच्या चोवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने त्या वर्षी पॅरिसमध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी एक सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारे विद्यालय, सुरू केली आणि तिच्यातूनच पुढे हा संघ वाढला. मात्र याच संघात आणखी एका माणसाला दुसरे संस्थापक मानले जाते आणि त्यांचे नाव पहिल्या संस्थापकापेक्षाही अधिक घेतले जाते. ते फ्रान्स्वा लिबरमान. ईशान्य फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील एका रब्बीचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूचे, हे पुत्र, वयाच्या चोविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेले, आणि अपस्माराच्या विकारामुळे एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत धर्मगुरू होऊ न शकलेले. १८४१ मध्ये त्यांनी पवित्र मरियेच्या हृदयाचा संघ स्थापन केला. १८४८ मध्ये तो विसर्जित झाला, आणि तोही त्यांच्याच संमतीने.

त्यांच्याविषयी लिहिले जाते तेव्हा बहुधा सगळा भर १८२६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी झालेल्या बाप्तिस्म्यावर असतो. रब्बीचा मुलगा ख्रिस्ती होतो, ही गोष्ट सांगायला सोपी आणि नाट्यमय आहे. मला मात्र त्यापुढची बावीस वर्षे अधिक विलक्षण वाटतात. ज्या कल्पनेसाठी त्यांनी संघ उभारला ती कल्पना त्यांची नव्हती, संघाचा पहिला मिशनरी त्यांच्या गुरुदीक्षेच्या आधीच आपल्या कामाच्या जागी पोहोचला होता, आणि संघाचे नाव टिकवणे की संघाचे काम टिकवणे असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नाव सोडून दिले. तरीही त्यांना संस्थापक म्हणणे योग्य आहे असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

याकोब लिबरमान याचा जन्म १८०२ च्या एप्रिलमध्ये साव्हेर्न या आल्सासमधील गावी झाला. वडील लझार हे तिथले रब्बी होते. फ्रान्समधील ज्यूंना १७९१ मध्ये नागरिकत्वाचे हक्क मिळाले होते, परंतु कायद्याने उघडलेले दार सगळ्यांना आवडलेच होते असे नाही. लझार यांच्यासारख्या परंपरानिष्ठ रब्बींना त्या दारातून आत येणाऱ्या फ्रेंच शिक्षणाची आणि फ्रेंच विचारांची धास्ती होती. घरात यिडिश बोलली जाई, अभ्यास हिब्रू ग्रंथांचा आणि तालमूद या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाचा असे, आणि आपल्यामागे रब्बीपद याकोब चालवील अशी वडिलांची अपेक्षा होती. आई तो लहान असतानाच वारली. साधारण विसाव्या वर्षी त्याला पुढील अध्ययनासाठी मेत्स येथे पाठवण्यात आले, कारण त्या काळी ज्यू धर्मशास्त्राच्या अभ्यासाचे ते मोठे केंद्र होते.

मेत्समध्ये त्याने वडिलांना नको असलेल्या गोष्टीच केल्या. तो फ्रेंच शिकला, लॅटिन शिकला, रूसोचे ‘एमील’ वाचले, आणि कोणीतरी दिलेले हिब्रू भाषेतील शुभवर्तमानही, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारा बायबलमधील ग्रंथही, चाळून पाहिले. शुभवर्तमान वाचून तो तत्काळ भारावून गेला असे मुळीच नाही. त्यातील चमत्कारांच्या कथांनी तो उलट बिचकलाच, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. ज्यू धर्मावरील त्याची श्रद्धा आधीच ढासळली होती. सर्व मानवजातीच्या देवाने एकाच लोकसमूहाची निवड का करावी, हे त्याच्या बुद्धीला पटेना. म्हणजे तो एका धर्मातून थेट दुसऱ्या धर्मात गेला नाही. मध्ये संशयाचा एक लांब पट्टा होता, आणि भक्तिपर चरित्रांमधून हा पट्टा पुष्कळदा घाईघाईने ओलांडला जातो.

दरम्यान त्याचा थोरला भाऊ सॅमसन, जो पेशाने डॉक्टर होता, १८२५ मध्ये पत्नीसह कॅथॉलिक झाला. याकोबला सुरुवातीला हे रुचले नाही, पण दोघा भावांचा पत्रव्यवहार चालू राहिला. १८२६ च्या अखेरीस याकोब वडिलांची परवानगी घेऊन पॅरिसला निघाला. मुलाच्या लॅटिनच्या अभ्यासाची कुणकुण लागलेल्या लझार यांनी निघण्यापूर्वी त्याला तालमूदमधला एक अवघड प्रश्न विचारला, त्याने उत्तम उत्तर दिले, आणि वडिलांचा संशय फिटला, असे चरित्रकार सांगतात. पॅरिसमध्ये त्याची भेट डेव्हिड द्राक यांच्याशी झाली. द्राक हे गाढे हिब्रू पंडित, फ्रान्सच्या मुख्य रब्बींचे जावई, आणि तीन वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झालेले. त्यांनी याकोबची राहण्याची सोय स्तानिस्लास महाविद्यालयात केली. तिथल्या एका एकाकी खोलीत ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारी पुस्तके समोर ठेवून तो बसला आणि त्याने आपल्या पूर्वजांच्या देवाची करुणा भाकली, की सत्य काय ते मला दाखव. ही प्रार्थना त्याने ज्यू म्हणूनच केली. २४ डिसेंबर १८२६ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला आणि फ्रान्स्वा मारी पॉल हे नाव त्याला मिळाले.

लझार यांनी मुलगा मेला असे समजून सुतक पाळले, असे सांगितले जाते. इथे थोडे थांबावेसे वाटते. एकापाठोपाठ एक आपली मुले दुसऱ्या धर्मात जाताना पाहणाऱ्या या रब्बीची बाजू आपल्यापर्यंत पोहोचते ती बहुतेक त्या मुलांच्या धर्मबांधवांनी लिहिलेल्या चरित्रांतूनच, आणि त्या चरित्रांना लझार यांच्या दुःखापेक्षा त्यांच्या कठोरपणात अधिक रस असतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कॅथॉलिकांना ज्यूंची धर्मांतरे म्हणजे विजय वाटत असे. त्या उत्साहाचा वाटा या कथनात किती, याचा हिशेब आजच्या वाचकाने मनाशी ठेवला पाहिजे.

ऑक्टोबर १८२७ मध्ये फ्रान्स्वा लिबरमान पॅरिसच्या सां-सुल्पिस सेमिनरीत दाखल झाले. दोन वर्षे बरी गेली. १८२९ मध्ये उपसाहाय्यक दीक्षेच्या, म्हणजे गुरुदीक्षेआधीच्या एका पायरीच्या, तोंडावर त्यांना अपस्माराचा मोठा झटका आला. त्या काळच्या चर्चच्या कायद्यानुसार अपस्मार असलेल्या माणसाला गुरुदीक्षा देता येत नसे. वडिलांचे घर तुटलेले, आणि ज्या मार्गासाठी ते तोडले तो मार्ग बंद, अशी त्यांची अवस्था झाली. सेमिनरीच्या चालकांनी मात्र त्यांना बाहेर काढले नाही. पुढे इस्सी येथील शाखेत व्यवस्थापकाचा मदतनीस म्हणून त्यांना ठेवून घेण्यात आले. बाजारहाट करणे, पॅरिसमध्ये निरोप पोहोचवणे, आल्यागेल्याची सोय पाहणे अशी कामे ते करू लागले.

या काळात सॅमसनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या आजाराला ‘माझा मोठा खजिना’ म्हटले आहे. हे वाक्य नेहमी उद्धृत होते. त्याच माणसाने पुढे एकदा कबूल केले होते की पुलावरून जाताना खाली उडी घेण्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नसे. ही कबुली तितक्या वेळा उद्धृत होत नाही. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज लिबरमान समजत नाहीत. त्यांची शांती म्हणजे स्वभावतः शांत माणसाची शांती नव्हती.

विद्यार्थी त्यांच्याकडे का ओढले जात, याचे उत्तर बहुधा यातच आहे. त्यांना कोणतेही अधिकारपद नव्हते. ते धर्मगुरू नव्हते, म्हणून कोणाची पापकबुली ऐकू शकत नव्हते. तरीही भावी धर्मगुरूंचे छोटे छोटे गट त्यांच्याभोवती जमत, आणि सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी त्यांना पत्रे लिहीत. लिबरमान त्यांना उत्तरे देत, प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे. उतावळ्याला सावकाश जायला सांगत, आणि स्वतःला कोसत बसणाऱ्याला स्वतःकडे पाहणे थांबवायला सांगत. त्यांची दीड हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांनी फारसे ग्रंथ लिहिले नाहीत. पत्र हेच त्यांचे साधन होते, आणि पुढे संघही त्यांनी पत्रांतूनच चालवला.

१८३७ मध्ये ते रेन येथे गेले. फ्रेंच क्रांतीत विस्कटलेला यूदिस्त संघ तिथे पुन्हा उभा राहत होता आणि त्यातील नवसाधकांची, म्हणजे संघात नव्याने आलेल्या उमेदवारांची, जबाबदारी त्यांच्यावर आली. स्वतः दीक्षित नसलेल्या माणसाकडे हे काम देणे हा मोठाच विश्वास होता, पण ती दोन वर्षे त्यांना जड गेली. आपला इथे काही उपयोग नाही ही भावना बळावत गेली.

आता ज्या कल्पनेतून संघ जन्माला आला तिच्याकडे येऊ. सां-सुल्पिसच्या विद्यार्थ्यांमध्ये फ्रेदरिक ल व्हाव्हासर नावाचा तरुण होता. तो हिंदी महासागरातील बूर्बों बेटावरचा, म्हणजे आजच्या रियुनियनचा, आणि तिथल्या मळेवाल्या कुटुंबातला होता. गुलामांचे जिणे त्याने घरच्या अंगणात पाहिले होते. दुसरा यूजेन तिसरां, ज्याचे आईकडून हैतीशी नाते होते. बूर्बों बेटावर साठ हजारांहून अधिक माणसे गुलामगिरीत होती, आणि सर्व फ्रेंच वसाहती धरल्या तर हा आकडा अडीच लाखांच्या आसपास जात होता. वसाहतींमध्ये धर्मगुरू थोडे होते, आणि सरकारी वेतनावर जगणाऱ्या त्या धर्मगुरूंना मळेवाल्यांची मर्जी सांभाळावी लागे. गुलामांच्या वाट्याला त्यातले कोण येणार? केवळ या लोकांसाठी वाहून घेतलेला धर्मगुरूंचा समूह हवा, असे या दोघा विद्यार्थ्यांच्या मनाने घेतले, आणि १८३९ मध्ये त्यांनी हा विचार पॅरिसमधील नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार या देवळातील प्रार्थनामंडळापुढे मांडला. सल्ल्यासाठी त्यांनी रेनला लिबरमान यांना लिहिले.

लिबरमान यांनी आधी केवळ सल्ला दिला. मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस, हे काम आपण स्वतः करायचे आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि डिसेंबरमध्ये रेन सोडून ते रोमकडे निघाले. हातात काय होते? ना गुरुदीक्षा, ना पैसा, ना कोणत्या बिशपचा आधार. सोबत आलेला मित्र द ला ब्रूनियेर रोममध्ये थोडे दिवस राहिला आणि योजनेचे काही खरे दिसेना म्हणून त्यांना सोडून गेला. तो पुढे मिशनरी होऊन मांचुरियात गेला आणि १८४६ मध्ये तिथे मारला गेला. तेव्हा त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला लिबरमान यांच्या योजनेत तथ्य दिसले नाही, इतकेच, आणि त्या वेळी ते दिसणे कठीणच होते.

काळ मात्र अनुकूल होता. ३ डिसेंबर १८३९ रोजी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र प्रसिद्ध केले होते, आणि लिबरमान महिन्याभरातच, १८४० च्या जानेवारीत, रोमला पोहोचले. द्राक तेव्हा रोममध्येच ग्रंथपाल होते. त्यांच्यामुळे फेब्रुवारीत पोपची भेट घडली. मार्चमध्ये लिबरमान यांनी मिशनकार्य पाहणाऱ्या प्रोपागांदा या खात्याकडे आपले निवेदन सादर केले. आधी धर्मगुरू तरी व्हा, हा त्यावरचा शेरा रास्तच होता. जूनमध्ये कार्डिनल फ्रान्सोनी यांचे उत्तर आले. योजना चांगली आहे, प्रकृती सुधारून दीक्षा घ्यावी आणि मग पुढे जावे, असा त्याचा आशय होता. इतक्या उत्तरावर लिबरमान रोममध्ये एका पोटमाळ्यावरच्या खोलीत राहिले, तिथे त्यांनी अस्तित्वात नसलेल्या संघाची नियमावली लिहिली आणि योहानाच्या शुभवर्तमानावर बाराव्या अध्यायापर्यंत भाष्यही लिहिले. वर्षाच्या अखेरीस ते पायी लोरेतोच्या यात्रेला गेले. परतल्यावर सॅमसनच्या खटपटीने स्ट्रासबर्गचे बिशप दीक्षा द्यायला तयार झाल्याची बातमी त्यांना मिळाली. झटके तोवर थांबत आले होते.

१८ सप्टेंबर १८४१ रोजी अमियां येथे त्यांची गुरुदीक्षा झाली आणि २७ सप्टेंबरला जवळच्या ला नव्हिल येथील बिशपांच्या मालकीच्या घरात संघाचे नवसाधकालय सुरू झाले. त्या दिवशी तिथे माणसे होती तीन : लिबरमान, ल व्हाव्हासर आणि कोलां. संघाचा पहिला मिशनरी मात्र त्या घरात नव्हता. जाक देझिरे लाव्हाल हे नॉर्मंडीतले डॉक्टर, जे पुढे धर्मगुरू झाले होते, जूनमध्येच जहाजावर चढले होते आणि १४ सप्टेंबरला, म्हणजे संस्थापकाच्या गुरुदीक्षेच्या चार दिवस आधी, मॉरिशसला उतरले होते. नवसाधकालयाचे तोंडही न पाहता ते या संघाचे झाले. मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण मुक्त झालेल्यांना विचारणारे कोणी नव्हते. लाव्हाल त्यांची क्रिओल भाषा शिकले आणि मृत्यूपर्यंत, १८६४ पर्यंत, त्यांच्यातच राहिले. आजही सप्टेंबरमध्ये पोर्ट लुईजवळच्या सेंट क्रॉ येथील त्यांच्या समाधीकडे ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदू आणि मुसलमानही पायी जातात. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले, जी संतपदाच्या आधीची पायरी असते.

लाव्हाल यांचे यश पाहून कोणाची अशी समजूत होईल की उरलेले कामही असेच फळत गेले. तसे झाले नाही. अमेरिकेतून आलेले आयरिश बिशप एडवर्ड बॅरन यांच्याकडे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील दोन्ही गिनींची जबाबदारी होती आणि त्यांना माणसे हवी होती. लिबरमान यांच्याकडे माणसे होती, त्यांना क्षेत्र हवे होते. सप्टेंबर १८४३ मध्ये सात धर्मगुरू आणि तीन मदतनीस बॉर्दोहून निघाले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस केप पामास येथे पोहोचले. पहिला मृत्यू डिसेंबर संपण्याच्या आतच झाला. काही महिन्यांत तापाने त्यांच्यातले बहुतेक जण नेले, बॅरन यांनी पद सोडले, आणि उरलेल्यांपैकी झां-रेमी बेसियो हे धर्मगुरू आणि ग्रेग्वार हे बंधू असे दोघेच किनाऱ्याने गाबोनकडे सरकले. फ्रान्समध्ये बरेच दिवस समजूत अशी होती की कोणीच वाचले नाही.

या घटनेचा दोष लिबरमान यांच्याकडे येतो आणि तो त्यांच्या गौरवगाथेत बुडवून टाकू नये असे मला वाटते. त्या किनाऱ्याची हवा, ऋतू, राहण्याची सोय यांची पुरेशी चौकशी न करता दोन वर्षांच्या कोवळ्या संघातील इतकी माणसे एकाच जहाजाने पाठवणे हा अविचार होता. गिनी सोडून देण्याचा सल्ला त्यांना मिळाला, पण त्यांनी तो मानला नाही. तिसरां यांची तिथे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. त्यांचे हैतीतील प्रयत्न राजकीय उलथापालथीत आधीच फसले होते. डिसेंबर १८४५ मध्ये गिनीकडे जाताना मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ ‘पापां’ हे जहाज फुटले आणि तिसरां बुडून मरण पावले. ज्या दोघांच्या मनात ही कल्पना प्रथम आली त्यांतला एक अशा रीतीने गेला.

यानंतरचे लिबरमान बदललेले दिसतात. १५ ऑगस्ट १८४६ रोजी त्यांनी रोमला सादर केलेल्या सविस्तर निवेदनात केवळ उत्साह नाही, तर आराखडा आहे. आफ्रिकेचे चर्च युरोपातून येणाऱ्या आणि मरत राहणाऱ्या माणसांवर उभे राहू शकणार नाही, तिथलेच धर्मगुरू घडवले पाहिजेत, त्यासाठी शाळा आणि सेमिनरी हवी, शेती आणि कारागिरीचे शिक्षण हवे, असा त्याचा रोख आहे. स्थानिक धर्मगुरूंची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. १८४० मध्ये तीन सेनेगाली तरुणांना फ्रान्समध्ये गुरुदीक्षा मिळाली होती आणि त्यामागे मदर जाव्हुए या फ्रेंच धर्मभगिनीची खटपट होती. परंतु तुरळक उदाहरण आणि संपूर्ण मिशनकार्याचा पाया यांत अंतर आहे, आणि ते अंतर लिबरमान यांनी कापले. त्याच वेळी युरोपियन ‘सुधारणा’ आफ्रिकेत न्यायची आहे याविषयी त्यांना शंका नव्हती, आणि फ्रेंच नौदल खात्याची मदत घेण्यातही त्यांना गैर वाटले नाही. या बाबतीत ते आपल्या काळाचेच होते.

आणि तरीही १९ नोव्हेंबर १८४७ रोजी दाकार आणि गाबोन येथील सहकाऱ्यांना त्यांनी लिहिलेले पत्र त्या काळाच्या पुष्कळ पुढे जाते. पहिल्या नजरेत मत बनवू नका, युरोपात जे पाहिले त्यावरून इथल्या गोष्टींची पारख करू नका, युरोप आणि त्याच्या चालीरीती, त्याची वृत्ती अंगावरून उतरवून ठेवा, कृष्णवर्णीयांबरोबर कृष्णवर्णीय व्हा, आणि नोकर आपल्या धन्याच्या सवयींशी जसे जुळवून घेतो तसे त्यांच्याशी जुळवून घ्या, असे ते सांगतात. हे लिहिले गेले तेव्हा फ्रेंच वसाहतींमध्ये गुलामगिरी अजून कायदेशीर होती. गोऱ्या धर्मगुरूने नोकर व्हायचे आणि काळ्या माणसाला धनी मानायचे, ही सूचना बूर्बोंच्या एखाद्या मळेवाल्याच्या हाती पडली असती तर त्याला ती बंडाची चिथावणीच वाटली असती.

या पत्रामागे त्यांचे ज्यू असणे आहे का? अनेकांनी तसे सुचवले आहे आणि मोह मलाही होतो. एका समाजातून दुसऱ्या समाजात गेलेल्या, तरुणपणी नवी भाषा शिकलेल्या, एका घराचे रीतिरिवाज अंगावरून उतरवून दुसऱ्या घराचे स्वीकारलेल्या माणसालाच हे सुचावे, असे म्हणता येते. पण लिबरमान यांनी स्वतः हा धागा कुठे जोडून दाखवला आहे असे मला आढळले नाही. त्यांनी आधार घेतला तो सर्वांसाठी सर्व काही झालेल्या संत पौलाचा. पौलही ज्यूच होता, एवढे मात्र खरे.

पत्र लिहिले गेले त्याच दिवसांत दाकारमध्ये त्याची एक शोकान्त बाजू घडत होती. तिथले नवे बिशप त्र्युफे यांनी युरोपियन आहार आणि औषधे वर्ज्य करून स्थानिकांप्रमाणे जगण्याचा कडक नियम स्वतःला आणि इतरांना लावला होता. २३ नोव्हेंबरला, म्हणजे पत्राची शाई वाळून चार दिवस होतात न होतात तोच, ते तापाने वारले. आफ्रिकेत येऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. युरोप उतरवून ठेवा याचा अर्थ औषध नाकारा असा लिबरमान यांनी कधी सांगितला नव्हता, आणि आपल्या माणसांनी प्रकृतीला जपावे असा त्यांचा आग्रह असे. त्र्युफे यांच्यानंतर ती जबाबदारी बेसियो यांच्यावर आली. गाबोनला सरकलेले बेसियो तिथे म्पोंग्वे भाषेचा अभ्यास करत टिकून राहिले होते, आणि पुढे १८७६ मध्ये तिथेच वारले.

१८४८ हे वर्ष फ्रान्ससाठी उलथापालथीचे ठरले. फेब्रुवारीत राजेशाही गेली आणि २७ एप्रिलला प्रजासत्ताकाने वसाहतींमधील गुलामगिरी रद्द केली. ज्यांच्यासाठी संघ काढला ते लोक आता कायद्याने मुक्त नागरिक झाले, आणि त्यांच्यात काम करण्यासाठी धर्मगुरूंची निकड एकदम वाढली. इथे लिबरमान यांच्या संघाची मूळ अडचण समोर आली. वसाहतींसाठी धर्मगुरू तयार करण्याची अधिकृत जबाबदारी जुन्या पवित्र आत्म्याच्या संघाकडे होती. त्याला सरकारी मान्यता होती, पॅरिसमध्ये इमारत होती, दीडशे वर्षांची परंपरा होती, पण क्रांतीनंतर तो कधी नीट सावरलाच नव्हता आणि त्याच्याकडे माणसे राहिली नव्हती. लिबरमान यांच्या संघाकडे माणसे होती, तळमळ होती, आणि कायदेशीर अस्तित्व मात्र नव्हते. दोघांनी एकाच बेटांवर वेगवेगळे काम करत राहणे कोणाच्याच हिताचे नव्हते. जुन्या संघाचे प्रमुख मोने स्वतः गुलामांच्या बाजूने उभे राहिल्यामुळे १८४७ मध्ये बूर्बों बेटावरून हाकलले गेले होते, तेव्हा मनेही जुळण्यासारखी होती.

एकत्रीकरण व्हावे हे दोघांनाही मान्य होते. प्रश्न होता तो कोणी कोणात विलीन व्हायचे हा. रोमचा निर्णय सप्टेंबर १८४८ मध्ये आला. पवित्र मरियेच्या हृदयाचा संघ विसर्जित व्हावा आणि त्याच्या सदस्यांनी पवित्र आत्म्याच्या संघात प्रवेश करावा. संख्येने आणि शक्तीने मोठा असलेला संघ लहान संघात मिसळला, कारण लहान संघाकडे कायद्याने मान्य असलेले नाव होते. मोने बाजूला झाले, मादागास्करची जबाबदारी घेऊन निघाले आणि वाटेतच वारले. नोव्हेंबरमध्ये लिबरमान पवित्र आत्म्याच्या संघाचे अकरावे प्रमुख झाले. मरियेच्या हृदयाचा उल्लेख नव्या संघाच्या लांबलचक नावाच्या शेपटात तेवढा उरला.

आपल्या हाताने उभारलेल्या संस्थेवर मालकी न सांगणारे संस्थापक इतिहासात फार थोडे आहेत, आणि धर्मसंघांच्या इतिहासात तर त्याहून थोडे. नाव, पोशाख, नियमावलीतील एखादे कलम यांवरून संघ फुटल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. लिबरमान यांच्या सहकाऱ्यांनाही हा निर्णय सहज पचला नाही. पण ज्या माणसाला दहा-बारा वर्षे केवळ इतरांच्या मेहेरबानीने सेमिनरीत राहावे लागले, ज्याला स्वतःचे असे घर कधी उरलेच नाही, त्याने संघाकडेही आपले घर म्हणून पाहिले नाही, असे मला वाटते. संघ कृष्णवर्णीयांसाठी होता. ते काम दुसऱ्या नावाने अधिक नीट होणार असेल, तर नावाचे काय?

पुढची तीन-सव्वातीन वर्षे त्यांनी जुन्या आणि नव्या माणसांचे जमवण्यात, वसाहतींतील धर्मगुरूंना शिस्त लावण्यात आणि मार्तिनिक, ग्वादलूप व रियुनियन येथे स्वतंत्र बिशप नेमले जावेत यासाठी प्रयत्न करण्यात घालवली. तिन्ही बेटांचे धर्मप्रांत १८५० मध्ये स्थापन झाले. त्यांनी स्वतः आफ्रिका कधी पाहिली नाही, एकही वसाहत पाहिली नाही. २ फेब्रुवारी १८५२ रोजी पॅरिसमध्ये, संघाच्या घरी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १८७६ मध्ये त्यांना संतपद देण्याच्या प्रक्रियेला रोममध्ये औपचारिक सुरुवात झाली, १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी त्यांचे सद्गुण असामान्य असल्याचे जाहीर केले, आणि ती प्रक्रिया अजून त्याच पायरीवर आहे. त्यांचा शिष्य लाव्हाल या बाबतीत त्यांच्या पुढे गेला.

लिबरमान यांच्यानंतर संघाची सूत्रे श्विंदनहामर या आल्सासमधल्याच सहकाऱ्याकडे गेली आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांच्याकडे राहिली. १८८१ मध्ये त्यांच्या जागी निवड झाली ती फ्रेदरिक ल व्हाव्हासर यांची. मळेवाल्याचा तो मुलगा तोवर सत्तरीचा झाला होता आणि सां-सुल्पिसमध्ये त्याला कल्पना सुचल्याला चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. प्रमुखपदावर ते जेमतेम काही महिने राहिले. जानेवारी १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले.